हिरकणीची वाट आणि महाजालावरील उघडे कडे

(पाली, जि. बीड येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



बिंदुसरेच्या काठावरील या गावात संगणकाच्या सुरक्षेवर व्याख्यान ठेवले आहे, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. धरणात पाणी किती आहे, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा बुडते त्याचे काय करायचे, हे आपले नित्याचे विषय. त्यात वेब सर्व्हर कुठून आला? पण क्षणभर विचार करा. आपल्या शेताचा सातबारा आज महाजालावर आहे. पीकविम्याचा अर्ज तिथूनच जातो, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तिथूनच भरला जातो आणि बँकेचे खाते भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आहे. ज्याने आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही, अशा आजोबांचीही माहिती कोठल्या तरी संगणकात साठवलेली आहे. ती त्यांनी स्वतः ठेवली नाही, त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी ठेवली. म्हणून ती नीट राखली जाते की नाही, हे विचारण्याचा अधिकार आजोबांनाही आहे.

वेब सर्व्हर म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. कचेरीत दप्तर सांभाळणारा कारकून असतो, तसा हा यंत्ररूपी कारकून आहे. आपण पत्ता लिहितो, तो त्या पत्त्यावरचा कागद काढून आपल्याला देतो. काही कागद सर्वांसाठी खुले असतात, काही ठराविक माणसांसाठीच असतात. दुसऱ्या प्रकारचा कागद देण्यापूर्वी कारकुनाने दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, आपण कोण? दुसरा, हा कागद पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे का? पहिल्या प्रश्नाकडे आता बहुतेक सर्व जण लक्ष देतात. संकेतशब्द आले, भ्रमणध्वनीवर सहा आकडे येऊ लागले. आजचे माझे बोलणे दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात आणि देशात जे प्रकार उघडकीस आले, त्यांतील कितीतरी हा दुसरा प्रश्न विचारायचा राहून गेल्यामुळे घडले.

येथील ज्येष्ठांना बँकेतील पितळी बिल्ला आठवत असेल. धनादेश खिडकीत दिला की बिल्ला मिळायचा. क्रमांक पुकारला की बिल्ला परत द्यायचा आणि पैसे घ्यायचे. समजा, माझा क्रमांक एकेचाळीस आहे आणि मी रोखपालाला सांगितले, “बेचाळीस.” त्याने बिल्ला न मागता बेचाळीसचे पैसे माझ्या हातात ठेवले, तर आपण त्याला काय म्हणू? मार्च २०१७ मध्ये नेमका असा प्रकार समोर आला. पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्सची उपाहारगृहे चालवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय मुंबईत आहे. तिच्या घरपोच सेवेच्या ॲपमागील सर्व्हर केवळ ग्राहक क्रमांक दिला की त्या ग्राहकाची माहिती सांगत असे. क्रमांक ओळीने दिलेले होते. एक वाढवला की पुढचा ग्राहक. नाव, ई-टपालाचा पत्ता, दूरध्वनी, घरचा पत्ता, इतकेच नव्हे तर ते घर नकाशावर नेमके कुठे आहे, तेही! सुमारे २२ लाख लोकांची ही माहिती अशी उघडी असल्याचे फॉलिबल नावाच्या भारतीय संस्थेने दाखवून दिले. आपल्या संकेतस्थळावर ग्राहकांची आर्थिक स्वरूपाची माहिती साठवलेलीच नाही, असे कंपनीने त्यावर सांगितले. ते खरे असेलही. पण एखादी भगिनी एकटी राहते, तिचे नाव, क्रमांक आणि घराची जागा कोणालाही मिळते, ही गोष्ट पैशांपेक्षा लहान आहे का?

याच सेवेत २०२४ मध्ये पुन्हा त्याच जातीच्या त्रुटी सापडल्या. त्या वेळी तर दुसऱ्याची मागणी आपल्याकडे वळवता येत होती आणि मोठ्या मागणीची किंमत एक रुपया करून घेता येत होती. एका अभ्यासकाने त्या कळवल्या, कंपनीने बुजवल्या आणि त्याला बक्षीसही दिले. सात वर्षांत एवढा बदल झाला, याची नोंद करून ठेवू या. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता आपल्या अधिक जवळचे उदाहरण घेतो. स्टेट बँकेची ‘क्विक’ नावाची सेवा आपल्यापैकी अनेकांनी वापरली असेल. ठराविक क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की खात्यातील शिल्लक संदेशाने कळते. साधा भ्रमणध्वनी असलेल्या खेड्यातील माणसासाठी ही मोठी सोय आहे. जानेवारी २०१९ मध्ये असे उघड झाले की, हे संदेश पाठवणारा मुंबईतील माहिती केंद्रातला सर्व्हर संकेतशब्दाविनाच उघडा होता. म्हणजे तिथे दुसरा प्रश्न दूरच, पहिलाही विचारला जात नव्हता. पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही, कोणत्या क्रमांकावर कोणता संदेश चालला आहे, खात्यात किती शिल्लक आहे, खात्याच्या क्रमांकाचे काही आकडे कोणते, हे जात असतानाच वाचता येत होते. सुमारे दोन महिन्यांचे संदेश तिथे होते आणि एकेका दिवसात लाखो संदेश जात होते. ज्या अभ्यासकाला हे आढळले, त्याने ते एका वार्तासंस्थेला कळवले, तिने बँकेला कळवले आणि रातोरात तो सर्व्हर बंद करण्यात आला. ज्यांची शिल्लक उघडी पडली, त्यांनी महाजाल वापरलेच नव्हते. त्यांनी फक्त मिस्ड कॉल दिला होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जस्टडायल या मुंबईच्याच कंपनीचा प्रकार बाहेर आला. इथे मला आपल्या बीडच्या खजाना विहिरीचे उदाहरण द्यावेसे वाटते. निजामशाही काळातील ही विहीर आपण सर्वांनी पाहिली आहे. काठावर उभे राहिले की पाणी दिसते, पण ते येते आणि जाते ते जमिनीखालच्या भुयारी मार्गांनी. ॲपचेही असेच असते. आपल्याला दिसतो तो काठ, त्याची रंगीत पाटी. माहितीचे पाणी वाहते ते खालच्या मार्गांनी, संगणकाने संगणकाशी बोलण्यासाठी ठेवलेल्या दारांतून. जस्टडायलने नवे ॲप आणले, नवे मार्ग केले. पण जुन्या ॲपसाठी केलेला एक मार्ग तसाच राहून गेला आणि तो २०१५ पासून विनापहारा वाहत होता. राजशेखर राजहरिया या भारतीय अभ्यासकाने तो शोधला. १० कोटींहून अधिक लोकांची नावे, क्रमांक आणि पत्ते त्यातून मिळू शकत होते. त्यांतील बहुसंख्य लोकांनी तर केवळ कंपनीच्या दूरध्वनी क्रमांकावर चौकशी केली होती. एखादा प्लंबर हवा म्हणून फोन केला, एवढाच त्यांचा संबंध.

इथे थोडा थांबतो, कारण कार्यकर्त्यांनी यातली एक गोष्ट मनावर घ्यावी असे मला वाटते. नवे बांधताना आपला उत्साह असतो. जुने बंद करायला कोणी नेमलेला नसतो. शिबिरासाठी केलेली नावनोंदणी, त्यातली मुलांची वये, पालकांचे क्रमांक, रक्तगट हे सारे एखाद्या तरुणाने हौसेने महाजालावर चढवलेले असते. शिबिर संपते, तरुण नोकरीसाठी पुण्याला जातो, यादी तिथेच राहते. तिचा दुवा कोणाला दिला नाही म्हणजे ती गुप्त आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः शोधयंत्रे महाजालावर अहोरात्र फिरत असतात. काही जण एक उपाय करतात. शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत, हे सांगणारी एक लहानशी धारिका संकेतस्थळावर ठेवता येते, तीत गुप्त कप्प्याचे नाव लिहून ठेवतात. आता ती धारिका कोणालाही वाचता येते! दारावर पाटी लावायची की ‘माजघरातील डाव्या कोनाड्यात कोणी पाहू नये’, आणि कुलूप मात्र लावायचे नाही, असा हा प्रकार झाला.

पण हे झाले माणसांच्या विसरभोळेपणाचे. कधी कधी दोष त्या यंत्ररूपी कारकुनातच असतो. तो भाग थोडा तांत्रिक आहे, तरी सांगतो, कारण त्यात मौज आहे. संकेतस्थळाचे सर्व खुले कागद एका कपाटात ठेवलेले असतात आणि कारकुनाला ताकीद असते की या कपाटाबाहेर जायचे नाही. संगणकाच्या भाषेत दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ लिहिली की ‘एक पायरी मागे ये’ असा अर्थ होतो. पत्त्यात हे पुन्हा पुन्हा लिहिले तर माणूस कपाटाबाहेर पडून थेट आतल्या दालनात जाऊ शकेल. म्हणून पत्त्यात ती टिंबे दिसली की कारकून तो अर्ज फेटाळतो. इथवर ठीक. परंतु त्याच टिंबाला महाजालाच्या पत्त्यात सांकेतिक रूपानेही लिहिता येते. टक्क्याचे चिन्ह आणि पुढे दोन वर्ण, झाले टिंब. कारकून आधी तपासणी करतो आणि नंतर सांकेतिक रूप उलगडतो, असा क्रम पडला की संपले. तपासणीच्या वेळी टिंब दिसतच नाही, उलगडल्यावर दिसते, पण तोवर पहारा मागे पडलेला असतो. शायिस्तेखानाच्या छाप्याच्या वेळी मराठे लग्नाच्या वरातीच्या मिषाने पुण्यात शिरले, असे सांगतात. चौकीवर परवाना पाहिला गेला, माणसे पाहिली गेली नाहीत. आपल्याला त्या कथेचा अभिमान आहेच, पण आज चौकी आपली आहे, हे ध्यानात ठेवून ती पुन्हा ऐकली पाहिजे.

ही कल्पित गोष्ट नाही. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये नेमकी हीच त्रुटी सापडली होती. आश्चर्य असे की, तिला बुजवणारे ठिगळ दुसऱ्या एका त्रुटीच्या निमित्ताने ऑगस्टमध्येच उपलब्ध झालेले होते. ज्यांनी ते लावले ते सुरक्षित राहिले. ज्यांनी लावले नाही, त्यांतील असंख्य सर्व्हरांत पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००१ मध्ये, ‘निम्डा’ नावाचा उपद्रवी किडा जगभर ज्या वाटांनी शिरला, त्यांतील एक वाट हीच होती. एवढे झाल्यावर जग शहाणे झाले असेल? ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाची या वेब सर्व्हरमध्ये तीच कथा पुन्हा घडली. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरांपैकी हा एक. सप्टेंबरमध्ये आलेल्या त्याच्या २.४.४९ या आवृत्तीत पत्ता तपासण्याची पद्धत बदलली आणि त्या बदलात ही वाट उघडी पडली. दोष कळताच त्यांनी ४ ऑक्टोबरला २.४.५० ही दुरुस्त आवृत्ती दिली. पण कोणी तरी सांकेतिक रूपालाच पुन्हा सांकेतिक रूप दिले, बुरख्यावर बुरखा घातला, आणि नव्या पहाऱ्यातूनही माणूस आत गेला. ७ ऑक्टोबरला तिसरी आवृत्ती आली तेव्हा ती वाट खऱ्या अर्थाने बंद झाली.

यातही एक भाग ऐकण्यासारखा आहे. त्या सदोष आवृत्तीतसुद्धा काही सर्व्हरांवरचे आतले कागद सुरक्षितच राहिले. त्यांच्या व्यवस्थापकांनी मुळातच नियम लिहून ठेवला होता की, सर्व दालने सर्वांना बंद, आणि मग जे खुले करायचे तेवढेच खुले. कपाटाबाहेर पडलेल्या माणसाला पुढचे दार बंदच मिळाले. ज्यांनी उलट रीत ठेवली होती, म्हणजे सर्व खुले आणि आठवेल ते बंद, त्यांचे दप्तर बाहेर गेले. किल्ले बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. एक दरवाजा पडला म्हणजे गड पडला, असे होऊ नये म्हणून तर आत दुसरा दरवाजा आणि वर बालेकिल्ला असतो.

बालेकिल्ल्याचा विषय निघाला म्हणून १९९८ ची आठवण करून देतो. त्या वर्षी ११ आणि १३ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. देशभर आनंद होता. जूनच्या सुरुवातीला मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत ‘मिलवर्म’ नावाच्या टोळक्याने घुसखोरी केली. ही मंडळी कोणा शत्रुराष्ट्राचे हेर नव्हती. अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंड अशा देशांतील ती मिसरूड न फुटलेली मुले होती. शास्त्रज्ञांची ई-पत्रे त्यांनी उतरवून घेतली आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावून ठेवले. हा प्रकार मघाच्या त्रुटींपेक्षा वेगळ्या जातीचा होता, हे मान्य. पण गाभ्याचे संशोधन त्या संगणकांवर नाही, असे तेव्हा सांगितले गेले, त्यामागचे तत्त्व सर्वत्र लागू आहे. जी गोष्ट महाजालावरून कोणालाच मिळू नये असे वाटते, ती महाजालाला जोडूच नये. आपल्या पतसंस्थेत, वसतिगृहात, दवाखान्यात असे किती कागद आहेत जे केवळ सोय म्हणून जोडलेल्या संगणकावर ठेवले आहेत?

आता ज्या मुद्द्यासाठी मी इतका वेळ आपला घेतला, त्याकडे येतो. हिरकणीची आख्यायिका या सभेत सांगावी लागणार नाही. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हे मूल, आणि अंधारात कडा उतरून गेलेली ती माता. आपण ही कथा मातृप्रेमाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. मला त्यातील महाराजांचे वर्तन आज मोलाचे वाटते. अभेद्य म्हणवल्या जाणाऱ्या गडाला एक वाट आहे, हे एका सामान्य स्त्रीने दाखवून दिले. दरवाजाचा नियम तर तिने मोडलाच होता. महाराजांनी तिला दंड केला नाही. ‘असा कडा नाहीच’ असे म्हणून गोष्ट दडपलीही नाही. कथा सांगते की तिचा साडी-चोळी देऊन सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. शिक्षेऐवजी सत्कार आणि दुर्लक्षाऐवजी बुरूज.

आपल्याकडे आज काय होते? एखादा तरुण सांगतो, “साहेब, आपल्या संकेतस्थळावर क्रमांक बदलला की दुसऱ्याचा अर्ज दिसतो.” पहिले उत्तर असते, “तू तिथे गेलासच कशाला?” दुसरे, “असे काही नाही.” तिसरे, “वर कळवतो.” आणि वाट तशीच राहते. ज्याने सांगितले त्याला फक्त भय मिळते. हे भय अगदीच निराधार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४३ व्या कलमात मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणाऱ्यावर भरपाईचे दायित्व टाकले आहे आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले तर ६६ व्या कलमाने तो गुन्हा होतो. सद्भावनेने दोष दाखवणाऱ्याला स्पष्ट शब्दांत संरक्षण देणारे कलम त्यात नाही. चोराला याची चिंता नसते, तो कळवायला येतच नाही. चिंता असते ती सज्जनाला.

याउलट एक प्रसंग पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये आनंद प्रकाश या भारतीय तरुणाला फेसबुकमध्ये एक वाट दिसली. संकेतशब्द विसरला तर सहा आकडी संख्या पाठवली जाते. मुख्य संकेतस्थळावर दहा-बारा चुकीच्या प्रयत्नांनंतर दार बंद होत असे. पण चाचणीसाठी ठेवलेल्या बाजूच्या संकेतस्थळावर ही मर्यादाच नव्हती. तिथे सर्व संख्या क्रमाने आजमावून कोणाचेही खाते उघडता आले असते. त्याने स्वतःच्या खात्यावर ते करून पाहिले आणि २२ फेब्रुवारीला कळवले. दुसऱ्याच दिवशी वाट बंद झाली आणि त्याला १५ हजार डॉलर पारितोषिक मिळाले. विदेशी कंपनीचे कौतुक करण्याची मला हौस नाही. पण रायगडावरची रीत तिकडे चालते आणि रायगडाच्या राज्यात चालत नाही, हे पाहून वाईट वाटते.

परिस्थिती थोडी पालटते आहे. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील अशी रचना आहे. वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल आणि माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना कळवावे लागेल. हा दुसरा भाग मला दंडापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपल्या नावाचा कागद बाहेर गेला, हे आजोबांना कोणी तरी सांगेल. मात्र हिरकणीसाठीचे कलम याही कायद्यात नाही. आपले लोकप्रतिनिधी भेटतात तेव्हा रस्त्याबरोबर हेही मागायला हरकत नाही.

भाषणापूर्वी येथील एका शिक्षिका भगिनींनी मला विचारले होते, “आमच्या विद्यार्थ्याला असे काही आढळले, तर त्याने नेमके काय करावे?” त्याचे उत्तर देऊन थांबतो. सहज आढळले तर तिथेच थांबावे. स्वतःच्या क्रमांकापुढे एकाहून अधिक क्रमांक उघडून पाहू नयेत. काहीही उतरवून घेऊ नये, मित्रांना दाखवू नये, समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये. पडद्यावर दिसलेला पत्ता, तारीख आणि वेळ कागदावर लिहावी. शिक्षकांना सांगावे आणि शिक्षकांनी आपल्या नावाने त्या संस्थेला लेखी कळवावे, म्हणजे मूल एकटे पडत नाही. संस्थेने दाद दिली नाही, तर केंद्र शासनाची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून याच कामासाठी आहे, तिच्याकडे असे दोष कळवण्याची रीतसर सोय आहे. आणि ज्या संस्थेला असे पत्र येईल, ती आपलीच शाळा किंवा पतसंस्था असेल, तर पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यावे, वाट बंद करून घ्यावी, आणि पुढच्या वार्षिक सभेत त्या मुलाचे नाव व्यासपीठावरून घ्यावे.